एकच रेघ मारायची

अप्पांकडे कामाला लागलो त्या सकाळी त्यांनी माझ्या हातात आधी वही दिली आणि मग औषधांचा डबा. वही लांबट, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक पानावर पट्टीनं रकाने आखलेले. इंजिन, सांगाडा, इंधन, काचा. शेवटचा रकाना सहीचा.

"हे कोणाचं आहे जी?" मी विचारलं.

"माझं. मीच हाय हे," अप्पा म्हणाले. "इंजिन म्हंजे बीपी आणि नाडी. सांगाडा म्हंजे गुडगे, पाठ. इंधन म्हंजे काय खाल्लं, काय पिलं. काचा म्हंजे डोळ्यातले थेंब. जे जे करशील त्याच्यासमोर सही. कितवी शिकलास?"

"आठवी. पूर्ण नाही जी."

"सही येते का?"

"येते."

"मग झालं की."

अप्पा हवाई दलात होते. विमानाचा सांगाडा बघायचं काम. पंख, पोट, शेपूट, चाकं, म्हणजे इंजिन सोडून जे काही लोखंडी-पत्र्याचं असतं ते. एकाहत्तरच्या लढाईत ते लढाऊ विमानांच्या एका स्क्वाड्रनमध्ये होते, तेव्हा वय बावीस. पुढं वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झाले. मूळचे मैंदर्गीचे, घरची भाषा कानडी, पण घर सोलापुरात बांधलं. बायको गेली, मुलगा कॅनडात. मुलानं घरकामाला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोला सांगितलं आणि ब्यूरोनं मला पाठवलं.

विमानाचं म्हणे असं एक पुस्तक असतं. उडण्याआधी इंजिनवाला इंजिन बघतो आणि सही करतो, वीजवाला वीज बघतो आणि सही करतो, सांगाडेवाला सही करतो. सगळ्यांच्या सह्या झाल्या की शेवटी वैमानिक सही करतो आणि विमान त्याच्या ताब्यात जातं. एक सही कमी असेल तर विमान जागेवरून हलत नाही. अप्पांनी निवृत्तीनंतर तेच स्वतःला लावून घेतलं होतं. मला सुरुवातीला हसू यायचं. पण नियम दोनच होते, त्यामुळे सोपं होतं. एक, बघितल्याशिवाय सही नाही. दोन, चुकलं तर खोडायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर लिहायचं आणि बाजूला सही करायची. पहिल्याच महिन्यात मी एका चुकीवर व्हाइटनर लावला. अप्पांनी ती बाटली माझ्या हातातून घेतली आणि खिडकीतून बाहेर टाकली. शेजारच्या बाईंच्या तुळशीत पडली. ती मीच जाऊन मागून आणली.

मी भंडाऱ्याकडचा. टॉवेलच्या कारखान्यात माणसं पाहिजेत म्हणून गावातले आम्ही सहाजण सोलापूरला आलो होतो. आठ वर्षं लूमवर काढली. लूमच्या आवाजानं माझा डावा कान मंद झाला. कानाबरोबर बाकीचंही काही मंद झालं असावं असं मला कधीकधी वाटतं, कारण कारखाना बंद झाला त्या दिवशी बाकीचे पाच रडले, शिव्या दिल्या, आणि मी माझा डबा धुऊन पिशवीत ठेवला. ते पाचही गावी परतले. मी राहिलो. आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अप्पांच्या काचांत थेंब टाकत होतो. दुसऱ्या डोळ्यात टाकले, सही केली आणि मग सांगितलं. गाव एक रात्र आणि अर्धा दिवस लांब. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. परत आल्यावर वही उघडली तर त्या आठवड्याच्या सगळ्या नोंदी अप्पांनी स्वतः थरथरत्या अक्षरात केल्या होत्या. मी गेलो त्या दिवसाच्या पानावर खाली लिहिलं होतं, याची आई गेली, हा परत येईपर्यंत मी माझं बघतो. मुलगा फोनवर दुसरा माणूस पाठवतो म्हणाला होता. अप्पांनी नको म्हटलं. हे मला नंतर शेजारच्या बाईंनी सांगितलं. मी आज चार ओळी नीट लिहितो तेही त्यांच्यामुळे. रोजचं पान ते वाचायचे आणि पेन्सिलीनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे.

मला काळजी एकच होती, ही जागा जायला नको. गच्चीवरची खोली, दोन वेळचं जेवण, आणि रोज सकाळी कोणीतरी वाट बघतंय ही गोष्ट. दर रविवारी संध्याकाळी आठवड्याच्या पानांचे फोटो काढून कॅनडाला पाठवायचे, हे ठरलेलं. मुलगा प्रत्येक पान बघायचा. मला त्याची भीती वाटायची. माणूस वाईट नव्हता.

एकाहत्तरच्या एका विमानाची गोष्ट अप्पांनी मला सांगितली तेव्हा मी त्यांना अंघोळ घालत होतो. पाठ चोळत होतो. ते भिंतीकडे तोंड करून बोलत होते.

"दोन विमानं जोडीनं जायची होती. घाई. इंजिन चालू झालंतं. पोटाखाली डाव्या बाजूला एक झाकण असतंय, हाताएवढं. ते लावलं की खाली वाकून तळहातानं ठोकून बघायचं. डोळ्यानं न्हाय, हातानं. माझ्या हाताखालच्यानं लावलं आणि म्हणला, बघितलंय. मी खाली वाकलो न्हाय. सही केली."

मी तांब्यातून पाणी घातलं.

"दोन गेली, एक आलं."

"मग?"

"मग काय. जो परत आला त्यानं सांगितलं, पुढच्याला खालून तोफेचा मार लागला. तसं लिवलं. कुणीबी मला काय इचारलं न्हाय. ते झाकण उडताना उघडलं तर वाऱ्यानं फाटून मागं जातंय, शेपटीला लागतंय. लागतंयच असं न्हाय. लागू शकतंय." थोड्या वेळानं म्हणाले, "ज्यानं लावलं तो मागंच वारला. आता बघणारा एकच हाय. पाठीमागून उडत होता, त्याला पोट दिसत होतं."

"त्यांना विचारलं नाही काहून?"

"चारदा भेटलो. चारदा जेवलो संगं. इचारलं न्हाय." त्यांनी टॉवेल मागितला. "सांगाडा लिही, डावा गुडगा दुखतोय."

तो पाठीमागून उडणारा वैमानिक पुढं विंग कमांडर होऊन निवृत्त झाला आणि आता पुण्यात राहतो. अप्पांच्या फोनमध्ये त्यांचं नाव नुसतं 'सर' असं होतं. स्क्वाड्रनची जुनी माणसं दरवर्षी हिवाळ्यात दोन दिवस कुठंतरी जमतात. अप्पांना आता प्रवास झेपत नाही म्हणून यंदा सगळ्यांनी सोलापूर धरलं. कमांडरसाहेबांनी स्वतः फोन केला. फोन स्पीकरवर होता. "वॉरंट, मी येतोय. पण पुढच्या वर्षी माझं धरू नका. डॉक्टर नाही म्हणतो." फोन ठेवल्यावर अप्पा बराच वेळ कपाटातला कोट शोधत राहिले. कोट समोरच होता.

मुलाची अट होती. डॉक्टरांनी सांगितलेलं, बीपीचा वरचा आकडा एकशेसाठच्या पुढं असेल तर घराबाहेर पडायचं नाही. "दादा, तुमच्यावर सोडतोय," तो मला फोनवर म्हणाला. "अप्पा माझं ऐकत नाहीत. वहीत जे असेल ते मी खरं धरणार."

शनिवारी सकाळी मी पट्टा बांधला, बटण दाबलं. एकशे अठ्ठ्याहत्तर. दहा मिनिटांनी पुन्हा घेतलं. एकशे ऐंशी. अप्पा खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, हनुवटीवर एक कापसाचा तुकडा चिकटलेला. निळा कोट, छातीवर तीन पदकं. मशीनचं तोंड माझ्याकडे होतं.

"किती?"

"ठीक आहे जी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग काठी घेतली. मी वहीत एकशे अठ्ठेचाळीस लिहिलं आणि सही केली. 

होटगी रोडच्या एका हॉटेलात हॉल घेतला होता. अप्पा धरून आठ जण होते. कोणी हैदराबादचे, कोणी बेळगावचे, त्यामुळे बोलणं निम्मं हिंदीत, निम्मं इंग्रजीत, आणि एकमेकांना ऐकू येत नसल्यामुळे सगळं ओरडून. माझ्या मंद कानाला ते बरं पडलं. बार्शीचे एक काका होते, स्क्वाड्रनमध्ये वीजवाले. त्यांनी पिशवी भरून हुरडा आणला होता आणि तो वेटरला कसा भाजायचा ते सांगत होते.

"आरं गॅसवर न्हाय. शेण्या कुटं मिळतील हितं? मिळत न्हाईत? मग काय फाईव्ह स्टार झालं ते." अप्पांना बघून ते खुर्चीतून न उठताच म्हणाले, "आला का सांगाडा. आणि हा कोण, तुझा फिटर?"

"व्हय. माझ्या पुस्तकावर याची सही असती," अप्पा म्हणाले.

"मग जरा टाईट कर की बाबा याला. सगळीकडून वाजतंय."

टेबलावर त्यांचं स्वतःचं पुस्तक ठेवलं होतं, स्क्वाड्रनचं. बार्शीच्या काकांनीच ते कधीतरी जुन्या पुस्तकासारखं बांधून घेतलं होतं आणि दरवर्षी कापडी पिशवीतून घेऊन यायचे. भाषणं वगैरे काही नसतं त्यांच्यात. जमलं की पहिली गोष्ट, सही. ज्याचं जे काम होतं त्या रकान्यात. इंजिनवाले, वीजवाले, सगळे. अधिकारी शेवटी, कारण विमान शेवटी वैमानिकाच्या ताब्यात जातं. कमांडरसाहेब ऐंशीचे, पण सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत खुर्चीला धरून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

सांगाड्याचा रकाना रिकामा राहिला.

"माझी नंतर," अप्पा म्हणाले.

"दर साली नंतर," बार्शीचे काका मला म्हणाले. "याची सही म्हंजे थोरल्या पोरीचं लगीन. करायचंय म्हणतोय, स्थळ येतंय, जातंय."

पहिलं पान उघडं होतं. त्यावर त्या लढाईत गेलेल्या एकाच विमानाची नोंद होती, इंग्रजीत. आकडे मला वाचता आले, बाकीचं नाही. एका ओळीखाली कमांडरसाहेबांची सही होती, जुनी, झोकदार. अप्पांनी बोट न लावता मला अर्थ सांगितला. खालून तोफेचा मार लागून पडले. प्रत्यक्ष पाहिले.

जेवणात कडक भाकरी, शेंगाची चटणी, भरलं वांगं. अप्पांना चटणी वर्ज्य होती, तरी त्यांनी ती घेतली.  जेवण झाल्यावर कमांडरसाहेब व्हरांड्यात उन्हाला जाऊन बसले. अप्पा उठले. मी त्यांचा कोपर धरला होता, म्हणून मीही गेलो, आणि मला तिथून जायला कोणी सांगितलं नाही.

"सर, एक इचारायचं होतं."

"विचारा की."

"त्या दिवशी तुमी मागं होता. पोटाखालचं डावं झाकण," अप्पा थांबले. "उघडं होतं का?"

"बंद होतं," कमांडरसाहेब म्हणाले. लगेच. "मी स्वतः पाहिलं. सगळं बंद होतं. तोफेचा मार लागला, समोर दिसलं मला. तुमचा काडीचाही संबंध नाही. हे घेऊन बसलात की काय इतकी वर्षं?" त्यांनी अप्पांच्या मनगटावर थोपटलं.

"न्हाय, सहज," अप्पा म्हणाले. "बरं झालं."

मी कोपर धरून उभा होतो. मला विमानातलं काही कळत नाही. पण ते हाताएवढं झाकण कोणतं, कशाचं, का विचारताय, असं काहीच त्यांनी विचारलं नाही. आणि आवाज. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. सकाळी मीच त्या आवाजात ठीक आहे जी म्हणालो होतो.

 घरी आल्यावर अप्पांनी कोट काढला, चहा घेतला. मी कप विसळत होतो तेव्हा त्यांनी हाक मारली.

"वही आण."

मी आणली. त्यांनी चष्मा लावला. पान उघडून सकाळच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे कुणी लिवलं?"

"मीच जी."

"मशीन बघून?"

 नळ बारीक चालू राहिला होता, त्याचा आवाज येत होता. गच्चीवरची खोली डोळ्यासमोर आली, तिची कडी, माझी चटई. तरी रडू आलं नाही. आई गेल्याचा फोन आला तेव्हासारखंच.

"बघून नाही जी. म्हणजे बघितलं. पण जे दिसलं ते लिहिलं नाही."

"किती होतं?"

"एकशे ऐंशी."

"खोटं का लिवलास?"

"तुम्हाला जायचं होतं."

"म्हंजे माझ्यासाठी."

"हो जी."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, एखादा नट बसत नाही आणि का बसत नाही ते कळलं की कारागीर हलवतो तशी.

"सरांनीबी तेच केलं," ते म्हणाले. "माझ्यासाठी." चष्मा काढून पुसला. "अरे एवढ्या वेगात शेजारच्या विमानाचं शेपूट दिसलं तर नशीब. हाताएवढं झाकण बंद हाय का उघडं हाय कुणाला दिसतंय? तो म्हणला असता, म्हाईत न्हाय, तर मी ऐकलं असतं. बंद होतं म्हणला."

"आता काय करायचं?"

"तू तुझं कर आधी."

मी पट्टी घेतली. एकशे अठ्ठेचाळीसवर एक रेघ मारली. वर एकशे ऐंशी लिहिलं, बाजूला सही केली. खालचा आकडा स्वच्छ वाचता येत होता. कॅनडातही वाचता येईल, एवढं मनात आलं.

"उद्या परत जायचं," अप्पा म्हणाले.

"आकडा जास्त असला तर?"

"असणारच. खरा लिही. आणि त्याच्या खाली लिही, आकडा जास्त असूनबी बाहेर नेलं. आमच्यात तसंबी असायचं. विमानात खोट हाय, म्हाईत हाय, तरी न्यायचं हाय, तर तसं लिवायचं आणि वरच्याची सही घ्यायची." त्यांनी पेन मागितलं. "वरचा मी हाय."

आणि त्यांनी उद्याच्या रिकाम्या पानावर आधीच सही करून ठेवली. मग लक्षात आलं. "हे चुकलं. बघितल्याशिवाय सही झाली ही," म्हणाले, आणि स्वतःच्या सहीवर एक रेघ मारली. मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, पण ते खोकल्यासारखं निघालं.

रविवारी सकाळी एकशे बहात्तर होतं. लिहिलं. खालची ओळ लिहिली. त्यांनी वाचली, मशीन स्वतःकडे फिरवून बघितलं आणि मग सही केली.

आता सोलापुरात विमान उतरतं. ते बघायला जायचं, असा दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम होता. विमानतळाच्या भिंतीबाहेर एके ठिकाणी रस्ता उंच होतो, तिथून धावपट्टी दिसते. एरवी तिथं दुचाक्यांवरून पोरं-बाया येतात, विमान बघायला. त्या दिवशी सहा म्हातारे ओळीत उभे होते आणि दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. खुर्च्या चहाच्या टपरीवरून आणल्या होत्या. टपरीवाला सारखा विचारत होता, कोण मंत्री येणार हाय का.

अप्पा खुर्चीवर कमांडरसाहेबांच्या शेजारी बसले. थोडा वेळ दोघंही धावपट्टीकडे बघत राहिले. तिथं काहीच नव्हतं.

"सर," अप्पा म्हणाले, "काल तुमी म्हणला झाकण बंद होतं."

"हो."

"ते दिसत न्हाय सर. तुमालाबी म्हाईत हाय, मलाबी म्हाईत हाय."

 विमान आलं. लहानच होतं, पंख्याचं. उतरलं, पळत लांब गेलं, वळलं. बार्शीचे काका म्हणाले, "पुढचं चाक जरा जोरात टेकलं," आणि काहींनी हो म्हटलं, काहींनी नाही, आणि लगेच वाद सुरू झाला. त्या आवाजात कमांडरसाहेब बोलायला लागले. मी अप्पांच्या डाव्या बाजूला, चांगला कान त्यांच्याकडे करून उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"मी मान वळवली नव्हती. समोर पूल होता, माझं सगळं लक्ष तिथं. वळून बघितलं तेव्हा तो नव्हता. खाली धूर दिसला. तो त्याचा की पुलाचा, मला सांगता येणार नाही. खाली उतरलो तर सगळे रांगेत उभे. तुम्हीही होता, वॉरंट. विचारलं, काय पाहिलंस. काहीतरी सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, मार लागला. लिहून दिलं. त्याच्या आईला पत्र गेलं त्यातही तेच गेलं. मग नंतर कसं बदलायचं?"

"म्हंजे कुणालाच म्हाईत न्हाय," अप्पा म्हणाले.

"नाही."

"झाकण असंल, न्हायतर तोफ असंल."

"काहीही असेल."

"बरं," अप्पा म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. रडतील, छातीवर हात ठेवतील, काहीतरी होईल, आणि मी खिशातली जिभेखालची गोळी चाचपली. काही झालं नाही. त्यांनी नाक शिंकरलं. ऊन चढत होतं.

"पुस्तक आणलंय का?" त्यांनी बार्शीच्या काकांना विचारलं.

काकांनी कापडी पिशवीतून पुस्तक काढलं. "का, लगीन ठरलं का?"

 पहिलं पान उघडून अप्पांनी ते कमांडरसाहेबांच्या मांडीवर ठेवलं. कमांडरसाहेबांनी बराच वेळ आपली जुनी सही बघितली. मग अप्पांची काठी पट्टीसारखी धरून एक रेघ मारली. रेघ थोडी वाकडी गेली. वर इंग्रजीत दोन शब्द लिहिले आणि नवी सही केली. ती जुनीसारखी झोकदार नव्हती. त्या दोन शब्दांचा अर्थ अप्पांनी सांगितला, पाहिले नाही. अप्पांनी पुस्तक घेतलं. त्याच नोंदीपुढं सांगाड्याचा रकाना होता, तिथं लिहायला त्यांना वेळ लागला. मराठीतच लिहिलं, म्हणून मला वाचता आलं. झाकण हाताने न तपासता सही केली होती. आणि खाली सही. मग पान उलटून कालच्या रकान्यातही केली.

बार्शीच्या काकांनी पुस्तक परत घेतलं. तोंडावर काहीतरी चेष्टा तयार होती. मग त्यांनी चष्मा वर करून पहिलं पान वाचलं. पुन्हा वाचलं. पुस्तक पिशवीत घातलं, पिशवीची गाठ मारली, आणि उरलेला हुरडा माझ्या हातात दिला. "घेऊन जा याला. गॅसवर भाजू नको," एवढंच म्हणाले.

निघताना कमांडरसाहेब उठून उभे राहिले. अप्पांनी सलाम केला. कमांडरसाहेबांनी हात वर केला आणि अंगठा दाखवला, विमानात बसलेला माणूस खालच्याला दाखवतो तसा. मग गाडी आली.

संध्याकाळी मी गॅलरीत वही उघडी ठेवून आठवड्याच्या पानांचे फोटो काढले. शनिवारच्या पानावर उजेड नीट पडेना म्हणून तीनदा काढला. रेघ, रेघेखालचा आकडा, वरचा आकडा, माझ्या दोन सह्या, सगळं स्पष्ट आलं. पाठवायच्या बटणावर अंगठा ठेवून मी उभा राहिलो. अप्पा आत बातम्या बघत होते. त्यांनी मला विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. मी पाठवलं.

तासाभरानं फोन आला. अप्पांनी उचलला. दोघं कानडीत बोलले, ते मला नीट कळत नाही. अप्पांचा आवाज एकदाच चढला आणि तेव्हा त्यांनी मराठीत म्हटलं, "खोटं पुसून पाठवलं असतं तर तुला कळलं असतं का?" मग फोन माझ्याकडे दिला.

"दादा," मुलगा म्हणाला, "परत असं करू नका. आधी फोन करा. रात्र असली तरी करा."

"हो जी."

"अप्पा जेवले का?"

"जेवले. हुरडा खाल्ला थोडा."

त्यानं फोन ठेवला. मी खोलीवर गेलो. कडी, चटई, सगळं होतं तिथंच होतं. आनंद व्हायला पाहिजे होता. मी पाय धुतले आणि झोपलो.

सोमवारी सकाळी मी पट्टा बांधला, बटण दाबलं. पट्टा फुगला, सैल झाला. अप्पा डोळे मिटून बसले होते.

"किती?"

"एकशे सहासष्ट जी."

"लिही," ते म्हणाले.